तीनशे बेचाळीसचं पाणी

१

मर्लच्या किटलीच्या तळाशी पांढरा थर होता. कागदाइतका पातळ, मधोमध जरा दाट आणि कडेला विरत गेलेला. चहासाठी पाणी भरताना तो मला दिसला. मी मनात नोंद केली आणि झाकण लावलं, कारण टेबलावर त्याहून वाईट गोष्ट पडली होती.

"वाच," मर्ल म्हणाली. "मी तीनदा वाचलं. तिन्ही वेळा मीच वेडी निघाले."

कंपनीचं पत्र होतं, सोबत कराराची प्रत. घरात बसवायचं पाणी शुद्ध करायचं यंत्र, किंमत पाच हजार नऊशे डॉलर. खाली मर्ल हायनरिकची सही आणि तारीख: मंगळवार, तीन मार्च. दारावर झालेली खरेदी रद्द करायला कायद्याने कामकाजाचे दहा दिवस मिळतात, ते उलटून गेले आहेत, असं पत्रात मोठ्या नम्रतेने लिहिलं होतं. यंत्र बसवायला माणूस शुक्रवारी येणार होता. आज बुधवार, पंचवीस मार्च.

"सही तुझीच?"

"माझीच. पण तो माणूस आला गेल्या बुधवारी, अठराला. तीन तारखेला माझ्या दारात कुत्रंसुद्धा फिरकलं नाही."

"तारीख तू घातलीस?"

"चष्मा आतल्या खोलीत होता. तो म्हणाला, राहू दे, तारीख ऑफिसात घालतात."

मर्ल ब्याऐंशी वर्षांची. तिचा नवरा अर्न दोन वर्षांपूर्वी गेला. तेव्हापासून मुलगा ग्रॅहम तिच्या मागे लागला होता: यारंबूल गावातलं हे घर विक, ॲडलेडला माझ्या जवळच्या वृद्धाश्रमात ये. मर्ल कधीच नाही म्हणायची नाही, हो तर नाहीच नाही. सुगी होऊ दे. ईस्टर होऊ दे. पत्र्याला रंग लागू दे.

"ग्रॅहमला कळलं?"

"त्यांनीच कळवलं! मी करार मोडायला फोन केला, तर ती पोरगी म्हणते, आजी, तुमच्या मुलाशी बोलू का? आणि बोललीसुद्धा. आता तो शुक्रवारी येतोय. म्हणाला, आई, तुला तारखासुद्धा आठवत नाहीत. या वेळी आश्रमाचे कागद घेऊनच येतो."

तिने कप बशीत ठेवला. आवाज झाला नाही, इतक्या जपून ठेवला.

"त्याने दाखवलं काय तुला?"

"दोन पेले. एकात त्याच्या बाटलीतलं पाणी, एकात माझ्या नळाचं. दोन काड्या बुडवल्या, वीज लावली. त्याचं पाणी तसंच राहिलं. माझं मिनिटात गंजलं गं. तपकिरी, वर फेस. म्हणाला, मिसेस हायनरिक, तुम्ही हे रोज पिता. मग विचारलं, मिस्टर कशाने गेले? मी म्हटलं, मूत्रपिंडं. तर तो मान खाली घालून गप्प बसला. बोलला काहीच नाही. नुसता गप्प बसला."

मी यारंबूलच्या शाळेत एकतीस वर्षं विज्ञान शिकवलं. परीक्षानळ्या फोडणाऱ्या पोरांवरही मी आवाज चढवला नाही. पण त्या गप्प बसण्याचा मला असा संताप आला की मी चहाचा कप बाजूला सारला. ब्याऐंशी वर्षांच्या बाईला त्याने एक अक्षर न बोलता सांगितलं होतं की नवरा तिने पाजलेल्या पाण्याने मेला.

"मर्ल, तो तपकिरी रंग पाण्यातला नव्हता. त्या काड्या लोखंडाच्या असतात. वीज सोडली की लोखंड झिजतं आणि पाण्यात गंज उतरतो. स्वच्छ पाण्यातही उतरतो. फक्त पाण्यात थोडे क्षार लागतात, नाहीतर वीज वाहत नाही."

बोलता बोलता मीच थांबले. "कुठल्या नळाचं पाणी घेतलंस?"

"पिण्याच्या. टाकीच्या. दुसरं कोण पितं?"

यारंबूलच्या प्रत्येक स्वयंपाकघरात दोन नळ. एक गावच्या बोअरचा, धुण्याभांड्याला. त्या पाण्याचा चहा आम्ही सरकारी पाहुण्यालाही देत नाही, आणि टोमॅटोला घातलं तर झाड आठवड्यात मरतं. दुसरा नळ पत्र्यावरून टाकीत साठवलेल्या पावसाचा. पावसाच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात.

म्हणजे तिच्या टाकीच्या पाण्यावर ही युक्ती चालायलाच नको होती. एकतर मर्लला नळ आठवत नव्हता, किंवा मला काहीतरी ठाऊक नव्हतं.

मी कराराची पानं उलटली. शेवटी तपासणीचा कागद टाचलेला होता, विक्रेत्याच्या हातचा. नळ: पिण्याचा, टाकी. विरघळलेले क्षार: ३४२.

२

घरी येऊन मी पाण्यातले क्षार मोजायचा जुना मीटर काढला. माझ्या टाकीचं पाणी: सव्वीस. दोन खिळे आणि गाडीची बॅटरी घेऊन पेल्यात वीज सोडली. तीन मिनिटांनीही पाणी जसंच्या तसं. मग बोअरच्या नळाचं पाणी घेतलं: अठराशे ऐंशी. अर्ध्या मिनिटात गंजाचं कढण झालं.

सव्वीस आणि अठराशे ऐंशी. तीनशे बेचाळीस कुठेच बसत नव्हता.

मी बाटली घेऊन मर्लकडे परत गेले. "तुझ्या टाकीचं थोडं पाणी दे."

ती नळासमोर येऊन उभी राहिली. "कशाला? तुझं पाणी तेच माझं. आभाळ काय दोन आहेत?"

"मर्ल, अर्धा कप."

"नको म्हटलं ना, नोरीन."

चाळीस वर्षांच्या मैत्रीत तिने मला पाणी नाकारलं नव्हतं. ती काहीतरी लपवत होती, आणि शुक्रवार दोन दिवसांवर होता.

३

करारावर आणखी एक गोष्ट मला खुपली होती. 'कुटुंबातील जबाबदार व्यक्ती' या ओळीपुढे ग्रॅहमचा नंबर होता आणि मर्ल म्हणत होती की तिने तो दिला नाही. मी ग्रॅहमला फोन लावला.

"तुझा नंबर त्यांना कुणी दिला?"

"मला काय माहीत? मिसेस पास्को, तुम्ही माझी चौकशी करताय की काय?"

"हो."

तो हसला. "नववीत तराजू फुटला तेव्हाही तुम्ही आधी माझ्याकडेच बघितलं होतं."

"तूच फोडला होतास."

"ते जाऊ दे. आई ब्याऐंशीची आहे. ती तिथे एकटी असताना फोन वाजला की मी आधी तिचा नंबर आहे का ते बघतो, हे तुम्हाला कुणी सांगितलंय का? तिला कोणी लुबाडलं याचा मला आनंद झालाय असं वाटतं तुम्हाला?"

तसं मला वाटत होतं, आणि ते चूक होतं. मर्लच्या फ्रिजवर ग्रॅहमने स्वतःच बोटभर उंचीच्या अक्षरांत आपला नंबर लिहून चिकटवला होता. स्वयंपाकघरात बसलेल्या कुणालाही तो टिपून घेता आला असता. ग्रॅहमला मी संशयितांच्या यादीतून काढलं.

मग राहिली कॉलीन निश्के, मर्लची शेजारीण. मर्लच्या आधी तो माणूस तिच्याकडे गेला होता, असं मर्लच म्हणाली होती.

"आला होता एकदा," कॉलीन ओटा पुसत म्हणाली. ओटा कोरडा होता.

"कधी?"

"तीन तारखेला. तीनच."

"तारीख बरी पाठ आहे."

ती पुसत राहिली. मग एकदम फ्रीजरचं दार उघडून तिने मटणाच्या पिशव्यांखालून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले कागद काढले. तोच करार. तीच तारीख, तीन मार्च.

"माझ्या नवऱ्याला सांगू नकोस, ब्रूसला," ती कुजबुजली. "दोन तास बसला होता गं मेला. उठेचना. पाणी दे म्हणाला, संडास कुठे विचारलं, परत येऊन बसला. मी सही केली तेव्हा कुठे उठला. दारात म्हणाला, तीन मैत्रिणींची नावं द्या, तुम्हाला सूट देतो. एकट्या राहणाऱ्या असतील तर बरं, त्यांनाच गरज जास्त."

"आणि तू मर्लचं दिलंस."

"पहिलं तिचंच." तिचे डोळे भरले. "तो जावा म्हणून दिलं."

मला तिला झापायचं होतं. पण मी आधी विचारलं, "तो दोन तास बसला, तर बोलत काय होता?"

"काहीही. माझा केक, माझी फीत..." तिने भिंतीकडे हात केला. कृषी मेळ्याच्या स्पर्धेतली दुसऱ्या क्रमांकाची फीत तिथे टाचलेली होती. "म्हणे, पहिला नंबर कसा चुकला हो तुमचा?"

"कॉलीन, मेळा कधी होता?"

"चौदाला." तिचा हात फडक्यावरच थांबला. तीन तारखेला ती फीत जगात कुणाकडेच नव्हती.

"हे शुक्रवारी ग्रॅहमसमोर सांगशील?"

"नाही."

"मर्ल वेडी ठरेल. तिचं घर जाईल."

"ब्रूसला कळेल, नोरीन! मला नको सांगूस बाई. मी नाही बोलणार."

तिने कागद पुन्हा मटणाखाली ठेवले. यारंबूलमध्ये अशी किती घरं असतील, किती कागद कशाकशाखाली असतील, ते मला तेव्हा दिसलं. त्या माणसाला तारखा बिनधास्त खोट्या घालता येत होत्या, कारण आम्ही सगळे आपापल्या मूर्खपणाला लाजून दार लावून बसणार, हे त्याने नीट मोजलं होतं.

४

गुरुवारी सकाळी मला क्लेम भेटला. क्लेम टँकर चालवतो. पलीकडच्या गावात नदीच्या जलवाहिनीवर सार्वजनिक नळ आहे, तिथून पाणी भरून तो आसपासच्या टाक्यांत ओततो. त्याचा टँकर पेट्रोल पंपावर उभा होता आणि तोटीतून थेंब गळत होते. मी बाटलीचं झाकण तोटीखाली धरलं आणि मीटर बुडवला.

तीनशे चाळीस.

"क्लेम, या महिन्यात आमच्या रस्त्यावर कुणाकडे पाणी ओतलंस?"

त्याने टोपी मागे सारली. "मिसेस पास्को, डॉक्टरने आणि पाणीवाल्याने तोंड मिटून ठेवायचं असतं."

त्याचं बरोबर होतं. आमच्याकडे टाकी कोरडी पडू देणं म्हणजे घर चालवता न येणं. आजारपण लोक सांगतात, विकतचं पाणी सांगत नाहीत.

"नाव नको सांगूस. दिवस सांग."

क्लेमने थोडा विचार केला. "मेळ्याच्या दिवशी सगळं गाव मैदानावर होतं. तुम्ही हजेरी घेतली असतीत तर माझा नंबर गैरहजर निघाला असता."

आणि मला किटली आठवली. पावसाच्या पाण्याने किटलीत थर धरत नाही. चाळीस वर्षं मर्लची किटली आतून चकचकीत होती.

ती मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होती. मी सरळ म्हटलं, "तुझी टाकी रिकामी झाली होती."

तिने चादरीची दोन्ही टोकं चिमट्यात अडकवली. मग चादरीमागूनच बोलली.

"टोमॅटोला पाणी सोडलं होतं. टाकीचं. संध्याकाळी. आणि विसरले. सकाळी उठले तर आळ्यात चिखल आणि टाकी वाजतेय ढोलासारखी. जानेवारीपासून पाऊस नाही, नोरीन. अख्खी टाकी." पुढचा चिमटा घेत म्हणाली, "क्लेमला म्हटलं, मेळ्याच्या दिवशी ये. कोणी बघणार नाही."

"म्हणून मला पाणी दिलं नाहीस."

"तू एका मीटरने ओळखलं असतंस. ग्रॅहमच्या कानावर गेलं तर? नळ उघडा टाकून विसरणारी बाई! उद्या गॅस विसरेल, म्हणेल."

मी तिला कोडं उलगडून सांगितलं. तीनशे बेचाळीस हा आकडा त्या माणसाने स्वतः लिहिला होता. तो तिच्या टाकीत चौदा तारखेनंतरच असू शकत होता, त्याआधी तिथे पाऊस होता. त्याच्याच अक्षराने त्याची तारीख खोटी ठरत होती. रद्द करायची मुदत बाकी होती, मर्लची आठवण खरी होती. पण हे सिद्ध करायला टाकी का रिकामी झाली ते सांगावं लागणार होतं.

"म्हणजे मला अठरा तारीख आठवते हे दाखवायला," मर्ल सावकाश म्हणाली, "मी नळ विसरले हे सांगायचं."

"हो. आणि ते मी सांगणार नाही. ते तुझं आहे."

ती पुढची चादर झटकायला लागली.

५

शुक्रवारी अकरा वाजता तो आला. ट्रेंट त्याचं नाव. इस्त्रीचा सदरा, हातात हत्यारांची पेटी, चेहऱ्यावर दवाखान्यात भेटायला आल्याचा भाव. ग्रॅहम आधीच टेबलाशी बसला होता. त्याच्यासमोर आश्रमाचा लिफाफा होता, न उघडलेला.

"गुड मॉर्निंग, मर्ल आजी. आज बऱ्या आहात ना?" ट्रेंट मोठ्याने म्हणाला, बहिऱ्याशी बोलावं तसा.

"मला ऐकू येतं," मर्ल म्हणाली.

मी तपासणीचा कागद पुढे केला. "हे अक्षर तुमचं?"

"माझंच. आपण?"

"शेजारीण. आकडा बरोबर आहे?"

"मॅडम, मीटर खोटं बोलत नाही."

"नळ कुठला?"

"पिण्याचा. मी नेहमी गिऱ्हाइकासमोर, पिण्याच्याच नळाचं पाणी घेतो. लपवाछपवी नाही."

"तीन तारखेला?"

त्याने ग्रॅहमकडे बघून समजूतदारपणे स्मित केलं. "करारावर आहे ना. आजींचा थोडा गोंधळ होतो. आमच्याकडे होतं असं बऱ्याच जणांचं."

मी टेबलावर चार पेले मांडले आणि एकेकात मीटर बुडवत गेले. माझ्या टाकीचा पाऊस, सव्वीस. गावचं बोअर, अठराशे ऐंशी. क्लेमच्या टँकरचं, तीनशे चाळीस. चौथा पेला मी रिकामाच ठेवला होता. मी मर्लकडे बघितलं.

"आता हे कसलं गणित?" ग्रॅहम म्हणाला. "आईच्या टाकीत पाऊसच असतो. मग त्याचा आकडा चुकला असेल."

"आकडा चुकत नाही," ट्रेंट घाईने म्हणाला. पाय कुठे पडला हे त्याच्या लक्षात आलं नव्हतं.

मर्ल उठली. तिने चौथा पेला घेतला, आपल्या टाकीचा नळ सोडला, पेला भरून माझ्यासमोर ठेवला.

तीनशे अडतीस.

"विकतचं आहे," ती म्हणाली. "मी टोमॅटोला पाणी सोडून विसरले. रात्रभर वाहिलं. टाकी कोरडी पडली. क्लेमने चौदा तारखेला भरली." तिने ॲप्रनच्या खिशातून क्लेमची पावती काढली आणि ग्रॅहमपुढे ठेवली. "एकोणपन्नास वर्षांत पाणी विकत घेतलं ते एकदाच. क्लेमच्या वहीत बघ. तीन तारखेला या नळाला पाऊस येत होता. ह्याने जे मोजलं ते चौदानंतरचं. हा आला अठराला. मी पहिल्या दिवसापासून अठराच म्हणतेय."

ग्रॅहमने पावती वाचली, मग कराराची तारीख, मग पुन्हा पावती. त्याचे कान लाल झाले. हा राग मला शाळेपासून ओळखीचा होता, पण या वेळी तो योग्य माणसाकडे वळला.

"तू माझ्या आईला वेडं ठरवलंस," तो ट्रेंटला म्हणाला. "आणि मी तुझं ऐकलं."

"सर, ऑफिसची चूक असेल. टायपिंग." ट्रेंटने पेटीतून एक कागद काढला. इतका चटकन की तो नेहमीच हाताशी असावा. "काही हरकत नाही, आत्ताच रद्द करू. आजी, इथे सही करा, विषय संपला."

मर्ल हात पुढे करत होती. मग थांबली, आतल्या खोलीत गेली, चष्मा लावून आली आणि उभ्यानेच वाचू लागली. आम्ही तिघे तिच्या ओठांकडे बघत होतो.

"'मी वैयक्तिक कारणाने खरेदी रद्द करत आहे,'" तिने मोठ्याने वाचलं. "'विक्रीच्या पद्धतीबद्दल माझी कोणतीही तक्रार नाही.'" तिने चष्म्यावरून त्याच्याकडे बघितलं. "कोणतीही?"

"तो नेहमीचा मजकूर आहे हो."

"रद्द करायचं पत्र मी सकाळीच रजिस्टरने टाकलं आहे. नोरीनने मसुदा दिला, लिहिलं मी. आणि तक्रार आहे. तारखेची आहे, काड्यांची आहे. माझ्या नवऱ्याचं नाव ऐकून तू जी मान खाली घातलीस, तिची आहे. ग्राहक खात्याला जाणाऱ्या कागदावर माझं पूर्ण नाव आहे आणि नळ उघडा राहिल्याचंही लिहिलं आहे. आता पेटी उचल."

ट्रेंटने पेटी उचलली. जाताना त्याने दार जरा जोरातच लावलं. खिडकीतून मला दिसलं, फाटकाबाहेर कॉलीन उभी होती, हातात प्लास्टिकची गुंडाळी घेऊन, आणि तिच्याशेजारी गोंधळलेला ब्रूस. ट्रेंटने त्यांना वळसा घातला.

आत ग्रॅहमने दोन्ही हातांनी तोंड चोळलं.

"आई, चुकलं माझं. तारखेचं तुझं खरं होतं." त्याने पावती घडी घालून ठेवली. "पण नळाचंही खरंच आहे ना. रात्रभर. मला काळजी वाटते, हे खोटं नाही. ईस्टरपर्यंत विचार करून सांगशील का? घाई नाही."

मर्लने खुर्ची ओढली आणि त्याच्यासमोर बसली. लिफाफा तिने न उघडता त्याच्याकडे सरकवला.

"ईस्टर नको," ती म्हणाली. "दोन वर्षं तुला टोलवतेय, तेही बरं नाही केलं मी. आजच सांगते. हो, नळ राहिला उघडा, आणि ब्याऐंशीव्या वर्षी पुन्हाही राहील. तेव्हा मी क्लेमला भरदिवसा बोलावीन. घर मी विकणार नाही, ग्रॅहम. मी इथेच राहणार आहे."